जोडीशिवाय बारा

वेडी नाही हो ती, मॅडम. हा शब्द तेवढा या घरात नको. तुमच्या हॉस्पिटलात कुणी म्हणत असेल तर म्हणू दे, कुणाकुणाच्या तोंडाला हात लावणार, पण तुम्ही समाजसेवा विभागातल्या, तुम्हाला माणसं कळायला हवीत — बसा ना, त्या खुर्चीवर नको, तिथे टाचण्या आहेत, इकडे या. हे शाळेचे गणवेश उद्या द्यायचेत म्हणून हात चालू ठेवते, राग मानू नका, कान तुमच्याकडेच आहेत. तर काय म्हणत होतात — जुनी इमारत रिकामी करताहेत, खाटा हलवल्या, खिडक्या काढायला माणसं आली, आणि माझी बहीण वॉर्डाबाहेरच्या बाकावरून उठत नाही, उद्या तिला न्यायला कुणीतरी यायला हवं. ‘माझे मिस्टर आत आहेत, ते बाहेर आले की आम्ही जाऊ.’ असंच म्हणते ना? आणि आत तर कुणीच नाही. तुम्ही विचारपूस केलीत तेव्हा कळलं की तो पेशंट केव्हाच बरा होऊन घरी गेलाय. बरोबर आहे. घरीच असतात ते. म्हणजे आत्ता नाहीत, वाचनालयात गेलेत, दुपारी जातात ते दिवेलागणीला येतात. भावोजी माझे. इथेच, याच घरात, घर त्यांचंच आहे. मी धाकटी. आई गेल्यावर ताईने मला इथे आणलं, मागची खोली दिली, हे मशीन घेऊन दिलं, तेव्हापासून मी इथलीच.

मग नवरा घरात असताना ती तिथे कुणाची वाट बघतेय — हेच विचारायला आलात ना? सांगते. पण त्याला फाशांपासून सुरुवात करावी लागेल. फासे म्हणजे हो, खेळायचे, सहा बाजूंचे. भावोजी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे आणि सगळं शिकवायचे ते फाशांवर — पोरं तोंडावर सर म्हणायची आणि पाठीमागे फासेमास्तर. बाजारातला फासा त्यांना चालायचा नाही. त्या गॅलरीत बसून लाकडाचे ठोकळे कापायचे, कानशीने घासायचे, मग तापलेल्या दाभणाने एकेक टिंब डागायचं. दाभण माझाच न्यायचे, न विचारता. आणि फासे तरी सरळ असावेत — सगळे अवलक्षणी. एक होता, त्याच्या तीन बाजूंवर एकेक टिंब आणि उरलेल्या तिन्हींवर सहा-सहा. म्हणायचे, “हा दिवसभर टाकत बसा आणि सरासरी काढा, साध्या फाशाइतकीच येईल, साडेतीनच्या आसपास. कागदावर बघणाऱ्याला वाटेल, काय मध्यम स्वभावाचा फासा आहे. पण तीन कधी पडायचे नाहीत, चारही नाहीत. एक, नाहीतर सहा.” आणि ताई लगेच म्हणायची, “म्हणजे तुम्हीच की.”

खरंच सांगते, अगदी तसाच माणूस होता तो. एक दिवस उजाडता उजाडता तिला उठवून नदीवर नेतील, का तर धुकं उतरलंय, पलीकडचा काठ दिसत नाहीये, ते तिला दाखवायचंय. आणि तिने कानस जागची हलवली म्हणून आठवडाभर अबोला. एकदा कपबशी भिंतीवर फेकली — कशावरून ते आता आठवतही नाही — आणि मग जेवणखाण सोडून सगळे तुकडे वेचून चिकटवत बसले, आणि तिला त्याच कपातून चहा दिला. कप गळत होता आणि ही बया हसत हसत पीत होती. मी म्हटलं, “ताई, कसं जमतं गं तुला?” तर म्हणाली, “धाकटे, रोज बेताबेताने सुख मिळालं तर ते सुख आहे हे कळणार कसं?” मला बेताबेताचंच आवडतं. टाका एकसारखा पडला की माझा जीव भांड्यात पडतो.

तर संध्याकाळी काय व्हायचं — ताई ओट्याशी, पाठ टेबलाकडे, आणि हे टेबलावर पट मांडून बसायचे. पट त्यांनीच आखलेला. दोघांसाठीही फासे हेच टाकायचे, दोन फासे, आणि बेरीज मोठ्याने सांगायची. नऊ. पाच. सात. ती मागे न बघता म्हणायची, माझी कोपऱ्यातली सोंगटी पुढे घ्या. दोन्ही फाशांवर सारखंच पडलं तर ‘जोडी’ म्हणायचं, जोडी पडली की आणखी एक दान. भाजी परतता परतता सगळा पट तिच्या डोक्यात असायचा. आणि मी इथे, मशीनवर. रोजचे ते आकडे कानावर पडत राहायचे, पावसाच्या पागोळीसारखे, कुणी मुद्दाम थोडंच ऐकतं.

एकदा यांनी चोरून फासे बदलले. फसवायला नाही, गंमत म्हणून — परीक्षा म्हणा हवं तर. नव्या जोडीतल्या एका फाशावर एक, दोन, दोन, तीन, तीन, चार. आणि दुसऱ्यावर एक, तीन, चार, पाच, सहा, आठ. आठ, हो. दिसायला भलतेच दिसतात. पण त्यात मेख अशी आहे की बेरीज मात्र साध्या फाशांसारखीच पडते. सारखी म्हणजे जवळपास नव्हे, तंतोतंत. सात जितके पडायचे तितकेच सात पडणार, दोन तितकेच, बारा तितकेच. नुसती बेरीज ऐकणाऱ्याला जन्मभर पत्ता लागायचा नाही की आतले फासे बदललेत. मला नाहीच लागला. आणि दोन-तीन दिवसांनी एका संध्याकाळी यांनी हाक दिली, “बारा.” नुसतंच बारा. ताईने उलथणं खाली ठेवलं. वळली. म्हणाली, “बारा, आणि जोडी नाही?”

लक्षात येतंय ना? साध्या फाशावर सहाच्या वर टिंबंच नसतात. म्हणजे बारा व्हायचे तर दोन्हीकडे सहा-सहाच पडायला हवेत. बारा म्हटलं की जोडी आलीच. यांचे बारा झाले होते चार आणि आठ मिळून. जोडीशिवाय बारा — असे बारा जगात नसतात, आणि ते तिला पाठमोरीला कळलं. भावोजी उठले, टेबलाला वळसा घालून गेले, आणि पिठाने भरलेले तिचे हात तसेच आपल्या हातांत धरून उभे राहिले. तव्यावर करपल्याचा वास यायला लागला तरी दोघं हलेनात. मी आपली मान खाली घालून शिवण उसवत बसले. चांगली शिवण होती, उसवायचं काही कारण नव्हतं.

चहा घ्या ना. गार होतोय.

मग तो ताप आला. साधा वाटला, आणि दुसऱ्या दिवशी ते मलाच ताईच्या नावाने हाका मारायला लागले. मेंदूला सूज, म्हणाले डॉक्टर. तुमच्याच हॉस्पिटलात, त्याच जुन्या इमारतीत. आत एका वेळी एकच माणूस, तेही घटकाभर, बाकीचा वेळ ताई बाहेर — हो, त्याच बाकावर. मी डबा घेऊन जायची आणि तसाच परत आणायची. तिथे बसून तिला त्या दाराचा प्रत्येक आवाज ओळखू यायला लागला होता. औषधाची गाडी आली की डोळे न उघडता सांगायची, ही औषधाची. आणि रिकामी खाट बाहेर आली की माझा हात घट्ट धरायची. एक दिवस सिस्टर येऊन म्हणाल्या, “उठून बसलेत, चला.” आत गेलो तर खरंच बसलेले. डॉक्टरांनी नाव विचारलं, नाव सांगितलं. बायकोचं सांगितलं, कॉलेजचं सांगितलं. शंभरातून सात-सात वजा करत जा म्हणाले तर डॉक्टरच आधी दमले. डाव्या हाताची बोटं तेवढी आखडली, ती आखडलीच. डॉक्टर ताईला म्हणाले, “नशीब काढलंत. माणूस जसाच्या तसा परत मिळाला.” मी तिच्याकडे बघितलं. तिला आनंद झाला होता, नाही असं नाही, पण ती त्यांच्याकडे बघत नव्हती. त्यांच्या खांद्यावरून मागे बघत होती, पलीकडच्या रिकाम्या खाटेकडे. आता आठवलं की अंगावर काटा येतो, तेव्हा काही वाटलं नव्हतं.

घरी आले ते — कसं सांगू — मध्यम होऊन आले. कॉलेजात जायचे, शिकवायचे, पोरांची तक्रार नाही. सही तीच, चालणं तेच, चहात अर्धाच चमचा साखर. पण ओरडणं गेलं. अबोला गेला. आणि धुकंही गेलं, मॅडम. एका पहाटे असं धुकं पडलं की समोरची भिंत दिसेना, आणि ताई खिडकीत उभी राहून वाट बघत होती, हे उठून चला म्हणतील म्हणून. हे उठले, बाहेर बघितलं, म्हणाले, “आज शाल घे हं, गारठा आहे.” चांगलंच बोलले की नाही? कुठल्या बाईला असा नवरा नको असेल? बिल्डिंगमधल्या बायका म्हणायच्या, आजारपणाने सोनं झालं माणसाचं. ताई हसायची. आणि हळूहळू घरात दबक्या आवाजात बोलायला लागली, पाहुणा आल्यावर बोलतात तसं. त्यांना धुतलेला टॉवेल द्यायची, पाहुण्यांसाठी ठेवलेला. दार लावून कपडे बदलायला लागली, इतक्या वर्षांच्या संसारानंतर. मी म्हटलं, “काय चाललंय तुझं?” तर माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “धाकटे, बेरीज जुळतेय गं. पण हे ते नाहीत.”

मी रागावले. कुणीही रागावेल. म्हटलं, देवाने माणूस परत दिला आणि तू त्याच्यात खोड काढतेस. मला म्हणाली, “मला खोडच हवी आहे. एक तरी सापडू दे.” आणि तिने ती परीक्षा घेतली. ह्यांनीच शिकवलेली, ह्यांच्यावरच. यांची बोटं आखडल्यापासून संध्याकाळचा पट बंदच होता. तिने तो पुन्हा मांडला. यांना बसवलं तिकडे खिडकीशी, पाठ टेबलाकडे, मांडीवर मटाराच्या शेंगा — सोला म्हणाली, बोटांना व्यायाम होईल. आणि टेबलावर बसून फासे ती टाकायला लागली. ते विचित्र फासे. बेरीज सांगायची, हे सोलता सोलता सोंगटी सांगायचे, आणि ती वाट बघत राहायची बाराची. बारा काय रोज पडतात? दोन आणि बारा सगळ्यांत कमी पडतात, हे तर मलाही ठाऊक झालं होतं. एक संध्याकाळ गेली, दुसरी गेली. मी इथे बसलेली, पण माझं मशीन चालेना, नुसतं कापड सुईखाली सरकवत होते. आणि मग पडले. ताई म्हणाली, “बारा.” आणि थांबली. सगळं घर थांबलं होतं, तुम्हाला सांगते. शेंग मोडल्याचा आवाज आला. दाणे भांड्यात पडल्याचा आवाज आला. भावोजी म्हणाले, “बारा का? मग माझी मागची सोंगटी गेली वाटतं. छान खेळतेस.”

तिने सोंगट्या गोळा केल्या. पट आवरला. साधे फासे, ते लाकडाचेच, त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदा तिला करून दिलेले, ते पर्समध्ये टाकले, ते भलते फासे खणात ठेवले, आणि सगळ्यांना वाढलं. सकाळी हॉस्पिटलात गेली. मी समजले औषध आणायला गेली असेल. दुपारी सिस्टरांचा फोन — तुमच्या ताई बाकावर बसल्यात, काही दुखतंय का विचारलं तर म्हणतात, आमचे मिस्टर अजून आत आहेत. मी धावले. म्हटलं, “ताई, घरी चल.” एवढ्या शांतपणे म्हणाली, मॅडम, की मला खोडता आलं नाही — “तू डबा घेऊन यायचीस ना? तसंच समज. मी त्यांना न घेता कशी येऊ? घाईघाईत चुकून दुसऱ्याला घेऊन गेलो आपण.” पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्याच लोकांनी तिला कपड्यांच्या खोलीत काम दिलं, चादरी घड्या घालायचं. राहायची सोय आयांच्या खोलीत झाली. काम उत्तम करते ना? करणारच. कुणाशी भांडण नाही, तंटा नाही, काम संपलं की बाकावर. वेडी माणसं अशी असतात का, तुम्हीच सांगा.

नाही, भावोजींनी आणायचा प्रयत्न नाही केला असं कसं म्हणता? गेले होते सुरुवातीला. तिने उठून नमस्कार केला, म्हणाली, “तुमची तब्येत बरी आहे ना आता?” ते तिथूनच परत आले.

आणि हेही तुम्हाला सांगून टाकते, आता एवढं सांगितलंच आहे तर. ती गेल्यावर बऱ्याच दिवसांनी हे मला म्हणाले, संध्याकाळ खायला उठते, तू टाकशील का दोन दानं? मी म्हटलं, मला कुठे येतं. म्हणाले, टाकायला काय यायचंय, पडलं ते सांग. साधे फासे तर ती घेऊन गेलेली, मी खणातून ते भलते काढले. हे तिकडे खिडकीशी, शेंगा घेऊन, तसेच पाठमोरे. माझ्या मनात काही नव्हतं, मला मुळी आठवणच नव्हती. टाकत होते, सांगत होते, आणि केव्हातरी मी म्हणाले, “बारा.” हे सोलतच राहिले. आणि मग मागे न बघता, अगदी हळू, जसं कुणी एखाद्याला काज कसं करायचं ते दाखवावं, तसं म्हणाले, “बारा म्हटलं की जोडीही म्हणत जा. नाहीतर ओळखू येतं.”

माझ्या हातातून फासे खाली पडले.

म्हणजे ठाऊक होतं. तेव्हाही ठाऊक होतं. मी विचारलं, “ताईने टाकले तेव्हाही कळलं होतं तुम्हाला?” म्हणाले, “कळलं. ती बारा म्हणाली आणि तिचा श्वास अडकला, तोही ऐकला मी.” मग बोलला का नाहीत, देवमाणसा? एक शब्द बोलायचा होता, ती घरात राहिली असती. तर शेंगांचं भांडं बाजूला ठेवून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “बोललो असतो तर पास झालो असतो. आणि मग तिने मला तो समजून ठेवून घेतलं असतं. मला सगळं आठवतं गं त्याचं. नदीवरचं धुकं आठवतं, फुटलेला कप आठवतो. पण शेजाऱ्याने सांगितलेलं आठवावं तसं आठवतं. फाशाचं उत्तर येत होतं मला. उत्तर येणं म्हणजे तो असणं नव्हे. तिचं बरोबर आहे. तो नाही आला.”

आपल्यासमोर बसलेला माणूस सांगतोय की मी आलो नाही. ओरडून सांगत असता तर चाललं असतं, पण हे बस चुकल्यासारखं सांगत होते. रात्रभर मला मागच्या खोलीत ऐकू येत होतं, ते कूस बदलताहेत, पाणी पिताहेत, आणि मला सारखं वाटत होतं, बाहेर जिन्यात तिसरं कुणीतरी उभं आहे आणि दार वाजवायला संकोचतंय. अजूनही कधी वाटतं. तुम्ही मघाशी बेल वाजवलीत ना, तेव्हा दार उघडायला मला वेळ लागला तो त्यामुळे.

ताईला? सांगायला गेले होते. दुसऱ्याच दिवशी. बाकावर तिच्याशेजारी बसले, ओठावर आलं होतं. तिने आधी मलाच विचारलं, “त्या गृहस्थांना नीट जेवायला घालतेस ना? त्यांचा काही दोष नाही त्यात.” मग मी काय सांगू? सांगितलं असतं तर एक तर ती म्हणाली असती, ओळखलं म्हणजे तोच, आणि आली असती उठून घरी, आणि यांनी तिला खोटं ठरवायचं नाही म्हणून जन्मभर त्या दुसऱ्याचं सोंग घेतलं असतं. नाहीतर म्हणाली असती, तो आला नाही असं हा स्वतःच म्हणतो, म्हणजे संपलं. मग त्या बाकावर तरी ती कशासाठी बसली असती? निदान आज ती वाट तरी बघतेय. म्हणून नाही सांगितलं. दोघांच्या भल्यासाठी. आणि मी काही — म्हणजे ती आली असती तर मला आनंदच झाला असता, बहीण आहे माझी, मी आपली मागच्या खोलीत — खोली मागचीच आहे माझी अजून, मॅडम, तसलं काही मनात आणू नका, लोक बोलतात ते बोलू दे.

तुम्ही अशा काय बघताय? बरं, बघा. त्या पहिल्या माणसाने इतक्या वर्षांत मला नावाने कधी हाक मारली नाही. ‘तुझी बहीण’ म्हणायचा, मी समोर बसलेली असताना. ‘तुझ्या बहिणीला सांग, मशीन थांबव म्हणावं.’ आणि हे मारतात हाक. दिवे लागले की म्हणतात, “पाठ दुखतेय ना, पुरे कर आता.” मी विस्कटलेले दोरे गुंडाळायला घेतले की समोर बसून एका हाताने रीळ धरतात. बारा पडले की मी जोडी म्हणते, ते हं म्हणतात. यात कुठे पाप आहे? ताईला एक आणि सहा हवे होते, तिच्या वाट्याला आले, भरपूर आले. मला साडेतीन पुरतात. जन्मभर पुरले असते. पण ती घरी आली तर — नाही, मी म्हटलंच नाही आणू नका म्हणून. मी एवढंच म्हणतेय की तिचं मन तिथे रमलंय. नव्या इमारतीत बाक असतीलच की. तिथेच कुठेतरी —

काय?

नाही, तुम्ही आत्ता काय म्हणालात? ती एकटी नसते म्हणजे?

कोण गृहस्थ? रोज दुपारी. तुम्हाला वाटलं कुणा पेशंटचे नातेवाईक. उंच आहेत? केस सगळे पांढरे. डावा हात खिशात ठेवतात, बाहेर काढतच नाहीत. हं. केव्हापासून? तुम्ही नोकरीला लागलात तेव्हापासून तरी. आणि करतात काय, बोलतात? मध्ये रुमाल अंथरून फासे. टाकतं कोण — ती टाकते. हसते? आमची ताई हसते? मोठ्याने?

त्या वाचनालयाला सोमवारी सुट्टी असते. सोमवारीही जातात ते. मी कधी विचारलंच नाही.

तुम्ही तिला विचारलंत का, हे कोण म्हणून? हो ना, तुमचं कामच ते. मग काय म्हणाली? सांगा ना, नाही वाईट वाटायचं मला.

…यांचंही माणूस आत आहे. तेही वाट बघताहेत. असं म्हणाली.

आणि ते शेजारीच बसले होते? हो म्हणून मान हलवली त्यांनी?

…

नाही, काही नाही. सुई बोटात गेली. नेहमीचंच आहे, तुम्ही उठू नका — म्हणजे उठाच आता. मला हे गणवेश संपवायचेत, उजेड गेला की काळा दोरा दिसत नाही. चहा राहू दे, ठेवा तिथेच. उद्या तिला न्यायला कोण येणार ते मला विचारू नका. दुपारी ते तिथे येतील, त्यांनाच विचारा. आणि जाताना दार ओढून घ्या, नुसतं लोटलं तर उघडंच राहतं ते.